वारा पडला होता म्हणे...

इतिहासाचं पुस्तक हातात आलं की मी सनावळ्या नंतर बघतो, आधी भाव शोधतो. गव्हाचा भाव, तेलाचा भाव, बैलाची किंमत. घरातल्यांना ही माझी खोड माहीत आहे, आणि त्यावरून मला ऐकूनही घ्यावं लागतं. पण माझं एक साधं म्हणणं आहे. राजाने किती दान केलं, सेनापतीने किती शत्रू कापले, हे आकडे लिहिणारा हवे तसे फुगवतो. गव्हाचा भाव मात्र बहुतेक वेळा तोच लिहून ठेवतो, ज्याला तो गहू विकत घ्यायचा होता.

आज ज्या वेढ्याबद्दल लिहितोय, त्याची आणि माझी ओळख अशीच एका भावातून झाली. गव्हाच्या एका मापाला दीडशे सोन्याची नाणी! ठिकाण सिसिली बेटावरचं सिराक्यूज शहर, साल इ.स. ८७८. भाव लिहून ठेवणारा थिओडोसियस नावाचा एक ख्रिस्ती मठवासी, आणि लिहिण्याची जागा पालेर्मोचा तुरुंग. लिओ नावाच्या आपल्या एका धर्मबंधूला त्याने हे पत्र लिहिलं. मूळ ग्रीक पत्राचा काही भागच आज उरला आहे, बाकीचं पत्र सतराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरामुळे वाचलं. वेढ्यांच्या हकिकती तशा ढिगाने सापडतात, पण त्या बहुतेक नंतर कुणीतरी दरबारात बसून लिहिलेल्या. तटाच्या आत, उपाशी पोटी जो होता त्यानेच लिहिलेली हकिकत फार क्वचित मिळते.

सिराक्यूज म्हटलं की आपल्याला शाळेतला आर्किमिडीज आठवतो. 'युरेका' ओरडत धावणारा. तो या शहराचाच. रोमन लोकांनी इ.स.पूर्व २१३ मध्ये शहराला वेढा घातला तेव्हा त्याच्या यंत्रांनी त्यांना जेरीस आणलं होतं. शेवटी एका सणाच्या रात्री पहारे ढिले पडले आणि रोमन तटावर चढले. पुढे शहर पडलं, आणि आर्किमिडीज मारला गेला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, इ.स.पूर्व ४१३ मध्ये, अथेन्सची अख्खी मोहीम याच शहरापुढे बुडाली. अथेन्सच्या किमान सात हजार कैद्यांना इथल्या दगडांच्या खाणींत कोंडून ठेवलं होतं. इ.स. ६६३ मध्ये तर दुसरा कॉन्स्टन्स हा बायझंटाइन सम्राट कॉन्स्टँटिनोपल सोडून इथेच राहायला आला, आणि ६६८ मध्ये त्याचा इथेच खून झाला. तर असं हे शहर. कुठल्यातरी कोपऱ्यातलं खेडं नव्हे.

आता थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, नाहीतर गोष्ट हवेत राहील.

सिसिली तेव्हा बायझंटाइन साम्राज्याची, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची. समोर दक्षिणेला आजचा ट्युनिशिया. तिथे अघलबी घराण्याचे अरब अमीर राज्य करत, कैरवानमधून. ८२७ साली सिसिलीतला युफेमियस नावाचा बायझंटाइन आरमारी अधिकारी बंड करून उठला आणि मदत मागायला थेट कैरवानला गेला. (आपल्या घरच्या भांडणात शेजाऱ्याला तलवार घेऊन बोलावण्याची पद्धत सगळ्या देशांत सारखीच!) अमीर झियादतुल्लाहने धर्मशास्त्र्यांची सभा भरवली. सिसिलीशी तह होता, तो मोडावा की नाही, यावर वाद झाला. मोडावा असं ठासून सांगणारे होते असद इब्न अल-फुरात. मदिनेत मलिक इब्न अनस यांच्यापाशी शिकलेले, कैरवानचे काझी, वय सत्तरीला टेकलेलं. अमिराने मोहिमेचं नेतृत्व त्यांनाच दिलं. दहा हजार पायदळ आणि सातशे घोडेस्वार घेऊन हे काझीसाहेब जून ८२७ मध्ये सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर माझारा इथे उतरले आणि काही महिन्यांतच सिराक्यूजच्या तटापाशी येऊन बसले.

हा पहिला वेढा. यात उपासमार आधी बाहेरच्यांची झाली. अरब सैन्याची रसद संपली, त्यांना स्वतःचे घोडे मारून खावे लागले. सैनिकांनी परत फिरायचा धोशा लावला, असदने तो मोडून काढला. मग छावणीत साथ आली, आणि ८२८ मध्ये त्या साथीत असद स्वतः गेले. त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलहून आरमार आलं, व्हेनिसची जहाजंही त्याच्या मदतीला होती. वेढा उठला. समुद्राकडची परतीची वाट अडवलेली पाहून अरबांनी आपली जहाजं जाळली आणि ते बेटाच्या आतल्या भागात शिरले.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आरमार वेळेवर आलं तर काय होतं हे सिराक्यूजच्या लोकांना माहीत होतं. त्यांच्या आजोबांनी ते पाहिलं होतं.

पुढची पन्नास वर्षं बेट तुकड्यातुकड्याने जात राहिलं. ८३१ मध्ये पालेर्मो पडलं आणि अरब सिसिलीची राजधानी झालं. ८४३ च्या सुमारास मेसिना गेलं. ८५९ च्या जानेवारीत एन्नाचा डोंगरी किल्ला गेला. एका बायझंटाइन कैद्याने जीव वाचवायला पाण्याच्या वाटेने आत शिरायचा मार्ग दाखवला. ८७० मध्ये माल्टा गेलं. दर दोन-चार वर्षांनी सिराक्यूजच्या आसपासची उभी पिकं जाळली जायची. पिकं जाळणं, गुरं नेणं, माणसं पकडून विकणं आणि परत जाणं. तटाला हातही न लावता शहर असं वर्षानुवर्षं पोखरलं जात होतं.

आणि ऑगस्ट ८७७ मध्ये पालेर्मोचा सुभेदार जाफर इब्न मुहम्मद मोठं सैन्य घेऊन आला. त्याने आधी सिराक्यूजच्या आजूबाजूचा मुलूख उद्ध्वस्त केला आणि मग शहराला फास आवळला. वेढ्याचं काम दुसऱ्यावर सोपवून तो स्वतः पालेर्मोला परतला. (तिथे पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. दगा बाहेरून नव्हे, राजवाड्यातूनच.)

सिराक्यूजची रचना डोळ्यांपुढे आणा. ऑर्तिजिया नावाचं छोटंसं बेट, चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेलं. दोन बाजूंना दोन बंदरं, एक मोठं आणि एक लहान. समुद्र ताब्यात असेल तर हे शहर उपाशी मारता येत नाही, कारण जहाजाने धान्य येतं आणि नाहीच आलं तर निदान मासे तरी मिळतात. म्हणूनच अरबांनी या वेळी आधी बंदरं घेतली. मग जमिनीच्या बाजूने यंत्रं लावली. तटाखाली भुयारं खणली जात होती, आणि मोठाले दगड फेकणारे मंजनीक रात्रंदिवस चालू होते. थिओडोसियसच्या लिहिण्यात त्या न थांबणाऱ्या माऱ्याचा धसका जाणवतो. पण त्याच्या मते शहर खरं पोखरलं ते भुकेने.

आता तो भाव.

गव्हाचं एक माप (आजच्या हिशेबाने साधारण दहा किलोच्या आसपास) दीडशे सोन्याची नाणी. हे नाणं म्हणजे नोमिस्मा, जवळजवळ साडेचार ग्रॅम सोन्याचं. म्हणजे दहाएक किलो गव्हाला साडेसहाशे ग्रॅमहून जास्त सोनं! साध्या दिवसांत त्याच एका नाण्याला सुमारे बारा मापं गहू मिळायचा. करा हिशेब, अठराशे पट. बाजारातलं पीठ त्याहून महाग, दोनशेच्या वर. दोन औंसांची, म्हणजे जेमतेम पंचावन्न ग्रॅमची एक रोटी एका नाण्याला. कापण्याजोगं जनावर तीनशे नाणी. घोड्याचं किंवा गाढवाचं डोकं पंधरा ते वीस.

नुसतं डोकं! मी या ओळीपाशी बराच वेळ थांबलो होतो. गाढवाच्या डोक्यावर मांस ते किती असणार? पण त्याला भाव होता, म्हणजे त्याला गिऱ्हाईक होतं. आणि ज्यांच्याकडे पंधरा नाणी नव्हती त्यांचं काय? तेही लिहिलंय. कोंबड्या केव्हाच संपल्या होत्या, तेल, चीज, खारवलेलं, सुकवलेलं सगळं संपलं होतं. लोक तटाच्या फटीत उगवलेलं गवत खात, जनावरांची कातडी खात, हाडं दळून पाण्यात कालवून खात. त्यापुढचंही तो लिहितो, मेलेल्या माणसांबद्दलचं, लहान मुलांबद्दलचं. ते मी इथे उतरवत नाही. मग अर्थातच रोगराई आली.

पन्नास वर्षांपूर्वी याच तटाच्या बाहेर घोडे खाल्ले गेले होते, आता आत गाढवाची डोकी. मला यात कुठल्या धर्माची, कुठल्या बाजूची गोष्ट दिसत नाही. तट मध्ये असतो, आणि रसद ज्याची तुटली तो उपाशी मरतो. एवढाच नियम.

या सगळ्या काळात शहर शरण का गेलं नाही? नऊ महिने! मला वाटतं, याचं उत्तर ८२८ मध्ये आहे. ते आरमाराची वाट पाहत होते.

आणि आरमार निघालंही होतं हो. सम्राट पहिला बेसिल याने एड्रियन नावाच्या सेनापतीला जहाजं देऊन पाठवलं. ते ग्रीसच्या दक्षिण टोकाला मोनेमवासिया बंदरापर्यंत आलं. तिथून सिराक्यूज समुद्रमार्गे सुमारे सातशे किलोमीटर. आणि तिथे ते थांबलं. का, तर वारा अनुकूल नव्हता म्हणे. एड्रियन वाऱ्याची वाट पाहत बसला.

राजधानीत निघायलाच उशीर झाला होता तो वेगळा. बेसिलने राजवाड्याच्या आवारात एक भव्य चर्च बांधायला काढलं होतं, 'नेआ एक्लेसिया', म्हणजे नवं चर्च. काही बायझंटाइन लेखकांनी लिहून ठेवलंय की आरमाराची माणसं त्या बांधकामावर जुंपली होती. ते चर्च १ मे ८८० रोजी मोठ्या थाटात खुलं झालं. आज त्याचा दगडही जागेवर नाही.

आता सम्राटाची बाजूही बघायला हवी. पूर्व सरहद्दीवर त्याची लढाई चालू होती. इटलीच्या मुख्य भूमीवर ८७६ मध्ये बारी शहर नुकतंच हाती आलं होतं. साम्राज्य मोठं, जहाजं मोजकी. कुठल्या भोकाला आधी बूच लावायचं हे राजधानीत बसलेल्याला ठरवावंच लागतं. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. पण "थोडं थांबू द्या त्यांना" असं जो ठरवतो त्याच्या ताटात त्या दिवशी काय होतं, हा प्रश्न मनातून जात नाही.

मे महिन्यात मोठ्या बंदराकडचा एक बुरूज कोसळला. पाच दिवसांनी त्याला लागून असलेला तटही. त्या खिंडारात वीस दिवस आणि वीस रात्री हातघाईची लढाई झाली. उपाशी माणसं वीस दिवस लढली! २१ मे ८७८ रोजी मारा जरा थंडावल्यासारखा वाटला. शहराचा सेनापती, ज्याला थिओडोसियस 'पॅट्रिशियन' एवढंच म्हणतो, आणि बहुतेक शिपाई विसावा घ्यायला, चार घास खायला मागे गेले. पहाऱ्यावर थोडे उरले. तेवढ्यात सगळी यंत्रं एकदम सुटली, आणि खिंडार अरबांच्या हातात गेलं. आर्किमिडीजच्या शहराचा तट एक हजार नव्वद वर्षांनी पुन्हा एकदा ढिल्या पहाऱ्याच्या घटकेलाच ओलांडला गेला. फरक एवढाच, की तेव्हा पहारेकरी सणाची दारू प्यायले होते, आणि आता ते भुकेले होते.

पॅट्रिशियन सत्तर जणांसह एका बुरुजात शिरला, दुसऱ्या दिवशी पकडला गेला आणि आठवड्याभराने मारला गेला. तो इतक्या शांतपणे मरणाला सामोरा गेला की मारणारेही चकित झाले, असं थिओडोसियस लिहितो. इब्न अल-असीर हा अरब इतिहासकार चार हजारांहून अधिक माणसं मारली गेल्याचं सांगतो, आणि एवढी लूट दुसऱ्या कुठल्या शहरात मिळाली नव्हती असंही. दोन महिन्यांनी शहर पाडून विजेते निघून गेले.

थिओडोसियस त्या वेळी आर्चबिशप सोफ्रोनियसबरोबर मुख्य चर्चमध्ये होता. तलवार उपसून आत आलेल्या एका माणसाला त्यांनी आर्चबिशप कोण ते सांगितलं, तेव्हा तो नरमला. त्याने चर्चची भांडी कुठे आहेत विचारलं आणि दोघांना इजा न करता बाहेर नेलं. स्वतःचं शहर जळत असताना शत्रूतल्या एका माणसाचा हा सौम्यपणा नोंदवून ठेवणारा लेखक मला विश्वासू वाटतो. सहा दिवस प्रवास करून कैदी पालेर्मोला पोचले. तिथेही त्याची नजर जागी आहे. तटात न मावणारं, माणसांनी गजबजलेलं शहर तो टिपतो. मग पायऱ्या उतरून अंधारकोठडी, आणि तिथे नाना देशांचे, नाना धर्मांचे कैदी. बकरीदच्या दिवशी जमाव आर्चबिशपला जाळायला निघाला होता. गावातल्याच वडीलधाऱ्या मुसलमानाने त्यांना आवरलं. पुढे ८८५ मध्ये सिराक्यूजच्या कैद्यांची सुटका झाली. त्याआधी सात वर्षं गेली होती.

आणि मोनेमवासियात? निसटलेल्या मूठभर सैनिकांनी बातमी आणली तेव्हा एड्रियन तिथेच होता. तो कॉन्स्टँटिनोपलला परतला आणि शिक्षेच्या भीतीने हागिया सोफियात जाऊन बसला. नंतरच्या बायझंटाइन इतिहासात एक कथा येते. मोनेमवासियाजवळच्या एका रानात गुराख्यांना म्हणे भुतं आपसांत बोलताना ऐकू आली, की काल सिराक्यूज पडलं. एड्रियनने खात्री करून घेतली, आणि ते खरं निघालं. मला ही कथा फार बोलकी वाटते. वारा, भुतं, देवाची मर्जी... उशीर झाला हे सांगायला माणसाला किती गोष्टी रचाव्या लागतात!

कारण वाऱ्याचा पुढचा हिशेब असा आहे. अवघ्या दोन वर्षांनी, ८८० मध्ये, नसार नावाच्या सेनापतीचं बायझंटाइन आरमार अरबांना हरवत थेट सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोच्या आसपास जाऊन थडकलं. त्यांनी तिथे ऑलिव्ह तेलाने भरलेली इतकी व्यापारी जहाजं पकडली की कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात तेलाचा भाव कोसळला. हेही एका बायझंटाइन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि कौतुकाने.

म्हणजे माझ्या वहीत आता एकाच साम्राज्याचे, दोन वर्षांच्या अंतराचे दोन भाव आहेत. सिराक्यूजमध्ये गहू अठराशे पट, आणि राजधानीत तेल मातीमोल. जहाजं होती, खलाशी होते, वाराही होता. वेढा तटापाशी लढला जातो, पण त्याचा निकाल बऱ्याचदा दूरवर कुठेतरी लागतो, जिथे बाजार व्यवस्थित चालू असतो. तटाच्या आतले फक्त त्याची किंमत मोजतात.

बाकी इतिहास पुढे गेला. ९०२ मध्ये ताओर्मिना पडलं, ९६५ मध्ये शेवटचं रोमेत्ता. बेट पूर्ण घ्यायला १३८ वर्षं लागली. सिराक्यूज पुन्हा वसलं, या वेळी अरबी बोलणारं. तिथे १०५६ च्या सुमारास इब्न हमदीस नावाचा मुलगा जन्मला. मग उत्तरेकडून नॉर्मन आले. हा तरुण १०७८ च्या सुमारास बेट सोडून स्पेनला, सेव्हिलच्या दरबारी गेला, आणि १०८६ मध्ये सिराक्यूज नॉर्मनांच्या हाती पडलं. तो ११३३ मध्ये वारला. जन्मभर तो गमावलेल्या सिसिलीवर अरबीत कविता लिहीत राहिला, आणि अरबी साहित्यात त्याचं नाव आजही त्याच कवितांसाठी घेतलं जातं.

थिओडोसियस ग्रीकमध्ये रडला, इब्न हमदीस अरबीत. शहर एकच.

सिराक्यूजचं ते मुख्य चर्च आजही उभं आहे. मुळात ते अथेना देवीचं मंदिर, इ.स.पूर्व पाचव्या शतकातलं. त्याचे दगडी खांब ख्रिस्ती लोकांनी भिंतीत तसेच चिणून घेतले, आणि ते आजही बाहेरून दिसतात. त्या खांबांनी सगळे आलेले-गेलेले पाहिलेत. कधी जाणं झालं तर मी आधी तिथे जाणार, मग बंदरावर. आणि हो, बाजारात गव्हाचा भाव विचारणार. खोड आहे ती.